एका खरेदीच्या भाकितांचा ताळेबंद

श्रोतेहो, भविष्य वर्तविणारे पुष्कळ भेटतात. वर्तविलेलें खरें झालें कीं नाहीं, हें पडताळण्यास मागें कोणी थांबत नाहीं. आज एका उदाहरणापुरतें तें काम आपण करूं.

३१ ऑगस्ट २००९ रोजीं अमेरिकेंतील डिस्नी कंपनीनें मार्व्हल ही चित्रकथांची कंपनी सुमारें ४०० कोटि डॉलरांस घेण्याचा करार जाहीर केला. जाणत्यांनीं दोन शंका काढल्या. पहिली अशी कीं, किंमत फार पडली. कारण स्पायडर-मॅन व एक्स-मेन यांच्या बोलपटांचे हक्क मार्व्हलनें पूर्वींच परक्या कंपन्यांस दिले होते. ऐन दाणा दुसऱ्याच्या कोठारांत, डिस्नीच्या पदरीं कोंडा! दुसरी शंका ही कीं, मिकी माऊसच्या घरीं गेल्यावर हे रागीट वीर अगदीं बाळबोध होतील.

दुसरी शंका लवकरच फिटली. बोलपटांचें काम केव्हिन फायगी यांच्या हातीं पूर्वींप्रमाणेंच राहिलें. पहिलीचें उत्तर २०१२ सालीं मिळालें. उरलेल्याच पात्रांना एकत्र आणणाऱ्या ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’ या बोलपटाच्या तिकिटांचे जगभर १५० कोटि डॉलरांहून अधिक आले. २०१४ सालीं एक बोलका रॅकून व एक चालतें झाड यांच्या कथेनें ७७ कोटि मिळविले. २०१९ च्या ‘एंडगेम’चा आंकडा सुमारें २८० कोटींवर गेला. हा अर्थात् गल्ला; निव्वळ नफा नव्हे.

मग जाणते चुकले कोठें? त्यांनीं प्रसिद्ध नांवें मोजलीं. सांगण्याची रीत मोजली नाहीं. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासूनच प्रत्येक बोलपट एका लांब कथेचा अध्याय म्हणून रचला जात होता. चतुर पुराणिक आजचा अध्याय अशा जागीं थांबवितो कीं, श्रोता उद्यां आपण होऊन येतो. तोच हा प्रकार.

परंतु या यशावरून ‘आतां हें असेंच चालणार’ असें म्हणणारेही फसले. २०२१ पासून बोलपटांच्या जोडीला घरबसल्या पाहण्याच्या मालिकांची रीघ लागली. मागचें सारें पाहिल्याखेरीज पुढचें उमगेना. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ सुमारें २० कोटींवर थांबला व या मालेंतील सर्वांत कमी गल्ल्याचा ठरला. २०२४ सालीं डिस्नीचे प्रमुख बॉब आयगर यांनीं वर्षाला दोन, फार तर तीनच बोलपट काढण्याचें जाहीर केलें.

तात्पर्य, खरेदीखतानें पात्रें हातीं येतात. श्रोत्याची उत्सुकता मात्र दर वेळीं नव्यानें मिळवावी लागते. पुढच्या खरेदीचें भाकित कानीं येईल, तेव्हां त्यांत ही बाब धरली आहे काय, एवढें अवश्य पाहावें.