वृद्ध रुग्णाच्या दैनंदिन स्वावलंबनाचे मापन : बार्थेल निर्देशांक

पक्षाघात, अस्थिभग्न किंवा जीर्ण संधिविकारानंतर पुनर्वसनासाठी आलेल्या वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर ‘लाक्षणिक उपशय’, ‘बलवृद्धी’, ‘रुग्णास बरे वाटते’ अशा नोंदी आपण सर्वच करतो. या नोंदी असत्य नसतात. परंतु घरी नेल्यावर रुग्णाजवळ रात्री कोणी थांबावे लागेल काय, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. हाताचे बल वाढूनही घास तोंडापर्यंत जात नसेल, तर रुग्णाच्या दृष्टीने परावलंबन कायमच राहते. म्हणून दैनंदिन कर्मांचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते.

ही दृष्टी आपल्या शास्त्राला परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव वर्णिले आहेत. त्यांपैकी व्यायामशक्तीचे परीक्षण रुग्णाच्या कर्मशक्तीवरून करावे, असा आचार्यांचा निर्देश आहे. रुग्ण प्रत्यक्षात किती कर्म करू शकतो, हाच तेथे प्रमाण आहे. प्रस्तुत लेखात याच विचाराला संख्येची जोड देणाऱ्या एका सोप्या साधनाचा परिचय करून देत आहे.

निर्देशांकाचे स्वरूप

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात दीर्घ व्याधींच्या रुग्णांवर काम करताना फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी हा निर्देशांक तयार केला व १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यात दहा कर्मे असून एकूण गुण १०० आहेत. प्रत्येक कर्माचे कमाल गुण पुढीलप्रमाणे :

१. भोजन – १०
२. स्नान – ५
३. मुखमार्जन, केस विंचरणे, दाढी – ५
४. वस्त्रधारण – १०
५. मलवेगावर नियंत्रण – १०
६. मूत्रवेगावर नियंत्रण – १०
७. शौचविधी – १०
८. पलंगावरून खुर्चीवर व परत – १५
९. सपाट जागी चालणे, सुमारे ४५ मीटर – १५
१०. जिना चढणे-उतरणे – १०

गुण ० पासून पाच-पाचच्या टप्प्याने दिले जातात. स्नान व मुखमार्जन यांना मधला टप्पा नाही. रुग्ण ते स्वतः करतो किंवा करीत नाही. भोजनात पदार्थ कापून द्यावे लागल्यास ५ गुण मिळतात. आपल्याकडे भाकरी कुस्करून वा भात कालवून द्यावा लागत असेल, तर तेथेही ५ गुण देणे सयुक्तिक ठरते.

गुण देण्याचे नियम

पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. रुग्ण काय करू शकेल याला गुण नाहीत. तो गेल्या एक-दोन दिवसांत प्रत्यक्ष काय करीत आहे, याला गुण आहेत. मलवेगासाठी मागील आठवडा विचारात घ्यावा. केवळ देखरेखीसाठी जवळ कोणी उभे राहावे लागत असेल, तरी पूर्ण गुण देऊ नयेत. काठी, वॉकर यांसारखी साधने मात्र चालतात. काठी टेकत एकटा चालणारा रुग्ण स्वावलंबीच समजावा.

या नियमामुळे आपल्या कुटुंबपद्धतीतील एक गोष्ट उघड होते. सून किंवा मुलगा प्रेमापोटी वडिलांना भरवतो, त्यांचे कपडे बदलतो. वडिलांच्या हातात शक्ती असूनही गुण शून्य येतात. अशा वेळी रुग्णाकडून ते कर्म समक्ष करवून घ्यावे. गुण प्रत्यक्ष वर्तनाचेच लिहावेत. क्षमतेची नोंद शेजारी वेगळी करावी. या दोहोंत अंतर आढळले, तर औषधयोजनेआधी नातेवाइकांशी बोलणे आवश्यक आहे. जे कर्म दुसरा करतो, त्याचा अभ्यास रुग्णाला घडत नाही आणि उरलेले बलही क्षीण होत जाते.

केवळ बेरजेवर विसंबू नये

दोन रुग्ण कल्पू. पहिल्याचे मलनियंत्रण, मूत्रनियंत्रण व शौचविधी या तिन्हींत शून्य गुण आहेत. बाकी सर्व पूर्ण. बेरीज ७०. दुसरा स्वतः चाकाच्या खुर्चीवर फिरतो (चालण्याचे ५), जिना व स्नान यांत शून्य, पलंगावरून उतरताना थोडा आधार लागतो (१०), बाकी पूर्ण. बेरीज पुन्हा ७०. पहिल्याच्या घरच्यांना दिवसरात्र माणूस लागेल. दुसऱ्याला तळमजल्याची खोली, स्नानगृहात धरण्यास दांडी व ठरावीक वेळी आधार पुरेल. चिकित्सासूत्रही दोघांचे भिन्न राहील. म्हणून केसपेपरवर दहाही गुण लिहावेत.

पंचकर्म करताना

पहिले मापन पूर्वकर्मापूर्वी करावे. विरेचनाच्या व बस्तीच्या दिवसांत मलवेगाचे गुण ग्राह्य धरू नयेत. शोधनानंतरची ग्लानीही चालण्याचे गुण तात्पुरते कमी करते. संसर्जनक्रम पूर्ण होऊन रुग्ण नित्याच्या आहारावर आल्यावर दुसरे मापन घ्यावे. पथ्य म्हणून स्नान वर्ज्य केले असल्यास ते असामर्थ्य समजू नये. शक्यतो दोन्ही वेळा एकाच व्यक्तीने गुण द्यावेत.

आणखी एक सूचना. स्थिर असलेल्या वृद्धाचे गुण एक-दोन दिवसांत एकाएकी घसरले, तर ‘वार्धक्य’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, नवा पक्षाघात, न सांगितलेले पडणे व अस्थिभग्न, झोपेच्या गोळ्या ही कारणे त्वरित तपासावीत व आवश्यक तेथे रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

मर्यादा

स्मृती, वाणी, दृष्टी, मनोबल यांचे मापन या निर्देशांकात नाही. स्वयंपाक, औषधे वेळेवर घेणे, पैशांचे व्यवहार, दूरध्वनी हेही त्यात येत नाही. त्यासाठी लॉटन व ब्रोडी यांची १९६९ सालची श्रेणी आहे. त्यामुळे १०० गुण मिळालेला रुग्ण एकटा राहू शकेलच असे नाही. मूळ निर्देशांककर्त्यांनीही हे स्पष्ट केले होते. शिवाय कमोडवर बसणारा रुग्ण गावच्या उकिडव्या बैठकीच्या शौचालयात अडू शकतो; रुग्णालयाचा जिना कठड्याचा, तर घरचा उंबरठाच फूटभर उंच असू शकतो. रुग्णाच्या घराची ही माहिती विचारून घेतल्याशिवाय गुणांचा अर्थ लावू नये.

हे मापन करण्यास यंत्र लागत नाही, खर्च नाही आणि सरावाने दहा मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. आपल्या पुढील पाच वृद्ध रुग्णांच्या बाबतीत चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर हे दहा गुण नोंदवून पाहावेत, अशी वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे. कोणते कर्म सुधारले व कोणते अद्याप बाकी आहे, हे नातेवाइकांना नेमके सांगता येईल, आणि आपल्या चिकित्सेचे फळही इतर वैद्यकशाखांसमोर त्यांना समजणाऱ्या भाषेत मांडता येईल.