मुलगा गमावलेल्या बापाच्या हाती फावडे

दादाराव बिल्होरे हे मुंबईतील मरोळचे भाजीविक्रेते. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा नेला. तेव्हापासून हा बाप बांधकामांवरची उरलेली खडी-माती गोळा करून खड्डे बुजवतो आहे. आजवर त्याने शेकडो बुजवले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पॉटहोल दादा' केले, सत्कार झाले. आमचा प्रश्न साधा आहे : महापालिकेचे काम भाजीविक्रेत्याने करायचे आणि आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या?

दिल्लीत २००७ साली पियूष तिवारी यांच्या नात्यातला शाळकरी भाऊ गाडीच्या धडकेनंतर रस्त्यावर मदतीवाचून पडून राहिला आणि गेला. पोलिसांचे झेंगट नको, म्हणून कुणी हात लावला नाही. तिवारींनी २००८ मध्ये 'सेव्हलाइफ फाउंडेशन' उभे केले, संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला आता नाव सांगण्याचीही सक्ती नाही. वस्त्यावस्त्यांत हे किती जणांना ठाऊक आहे?

कारण मरतो कोण? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. पहाटे झाडू घेऊन निघणारी बाई, फुटपाथवर झोपणारा बिगारी, सायकलवरचा रखवालदार यांच्याभोवती लोखंडी पत्रा नसतो. मेल्यावरही हिशेब कमाईचाच होतो. न्यायाधिकरण मृताचे उत्पन्न धरून भरपाई मोजते. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठीच नाही, त्याच्या विधवेच्या पदरात अंदाजाचा आकडा पडतो. मताचे मूल्य एक, पण जिवाचे मूल्य पगाराप्रमाणे, ही विषमता कायद्याच्याच गणितात बसली आहे, आणि तिच्यावर आपल्या मंचांवर फारसे कोणी बोलत नाही.

तरी जे मिळते ते सोडू नये. गाडी ठोकरून पळाली व सापडली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये आहेत. पूर्वी हे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा लाखांची भरपाई ठरवून दिली आहे. जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख.

पंचनामा आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत पहिल्याच आठवड्यात हातात घ्या. घरातली माणसे रडण्यात असतात, म्हणून हे काम शेजाऱ्याने, शाखेच्या कार्यकर्त्याने करावे.