कॉम्प्युटरची घरघर कुठून येते?

किनाऱ्यावरच्या गावात रात्री समुद्राची गाज घरात ऐकू येते. पण कॉम्प्युटर चालू केला, की गाज कुठली नि काय! नुसती घर्रर्र! अभ्यासात लक्ष लागेल कसं?

आधी आवाज शोधा. कागदाची नळी करून एक टोक कानाला लावा. दुसरं टोक कुठेही न टेकवता कॅबिनेटच्या मागे फिरवा. विजेची वायर जिथे खोचली आहे तिथे आवाज मोठा असेल, तर तो पॉवर सप्लायच्या पंख्याचा. दुकानात याला ‘एसएमपीएस’ म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो कॉम्प्युटरला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. ती बाहेर टाकायला पंखा. उष्णता जास्त, तर पंखा जोरात आणि आवाजही मोठा!

आता हिशेब करू. कॉम्प्युटरला २०० वॅट हवेत. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर तो २५० वॅट घेतो; ५० वॅटची उष्णता होते. कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर तो सुमारे २२२ वॅट घेतो. उष्णता फक्त २२ वॅट. निम्म्याहूनही कमी! म्हणून खोक्यावर ‘८० प्लस’ ही खूण पाहा. त्यात ब्राँझ, गोल्ड अशा वरच्या पायऱ्याही असतात.

पालकांनीही लक्षात ठेवावं, निम्म्या भाराच्या आसपास एसएमपीएस सर्वांत चांगला चालतो. २०० वॅट लागत असतील, तर ४०० ते ४५० वॅटचा पुरे. पंखा १२० मिलिमीटरचा बघा. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला भराभर फिरावं लागतं.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनची हवा खारी नि दमट. धातू लवकर गंजतो, ओलसर धूळ पात्यांना चिकटते. म्हणून कॉम्प्युटर समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा सोडा. कापड झाकायचं ते बंद करून, गार झाल्यावरच.

आणि हो, एसएमपीएस कधीही उघडायचा नाही! स्विच बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

जाता जाता एक गणित : कॉम्प्युटरला ३०० वॅट हवेत, एसएमपीएसची कार्यक्षमता ७५ टक्के. उष्णता किती?

(उत्तर : १०० वॅट)