पारोचं विमान आभाळ बघून उडतं

पुण्याहून भूतानला ग्रुप घेऊन जाणं हे माझं काम. निघण्याआधीच्या बैठकीत कार्यक्रम वाचून दाखवला, की एखादे काका हमखास विचारतात, "अहो, परतीला दुपारी कोलकात्यात उतरतोय, तर संध्याकाळचंच पुण्याचं विमान का नाही धरत? एका रात्रीचं हॉटेल वाचेल." हिशेब चोख असतो, पण पारोत तो चालत नाही.

भूतानला समुद्र नाही आणि रेल्वेही नाही. उत्तरेला तिबेट, बाकी तिन्ही बाजूंना भारत. परदेशी विमानं येतात-जातात ती एकट्या पारोच्या विमानतळावरून. हा विमानतळ सुमारे २,२३५ मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही जवळजवळ सहाशे मीटर वर आहे, आणि तरीही तो दरीच्या तळाशी! भोवतीचे डोंगर साडेपाच हजार मीटरपर्यंत चढलेले. इथे वैमानिकाला डोळ्यांनी बघूनच उतरावं लागतं. विमान दरीत शिरतं, डावी-उजवीकडे कलतं, उतारावरची घरं पंखाच्या बरोबरीला दिसायला लागतात आणि धावपट्टी समोर येते ती शेवटचं वळण घेतल्यावरच. असं उतरण्याचं खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक मोजकेच आहेत. आमच्यातल्या मावशी डोळे मिटून रामरक्षा सुरू करतात. मी म्हणते, रामरक्षा म्हणा, पण डोळे उघडे ठेवून.

अंधार पडला की उड्डाणं बंद. दुपारनंतर दरीत वारा सुटतो, म्हणून बरीचशी विमानं सकाळचीच. ढग खाली आले तर मुकाट्याने थांबायचं.

काकांचा दुसरा प्रश्न, बँकॉकला निघालेलं विमान मध्येच कोलकात्याला, नाहीतर गुवाहाटी-बागडोगऱ्याला कशाला टेकतं? भारतातले प्रवासी मिळतात, हे एक कारण. खरी गोम धावपट्टीत आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पारोची जेमतेम सव्वादोन. त्यात उंचावरची हवा विरळ. तिच्यात पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे टाक्या काठोकाठ भरून, सगळ्या खुर्च्या भरून लांबच्या पल्ल्याला निघणं अवघड. थोडं इंधन घेऊन उडायचं आणि भारतातल्या सपाट, लांब धावपट्टीवर पुन्हा भरायचं. समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्याचं अंगण असं लागतंच.

ड्रुक एअर ही सरकारी कंपनी १९८१ साली निघाली. १९८३च्या फेब्रुवारीत तिचं पहिलं प्रवासी विमान उडालं तेही कोलकात्यालाच. छोटं डॉर्निअर होतं, १८ आसनांचं. आज एअरबस आहेत, पण दरी तीच आहे. म्हणूनच आसामच्या सीमेलगतच्या सखल गेलेफूला मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधण्याचा बेत मला शहाणपणाचा वाटतो. राजे जिग्मे खेसर यांनी २०२३मध्ये जाहीर केलेल्या नव्या शहराचाच तो भाग आहे. सध्या तिथे देशांतर्गत उड्डाणांपुरती छोटी धावपट्टी आहे.

तोवर स्वतः तिकिटं काढणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागून घ्या. आभाळ स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट दिसतं. आणि पारोहून निघाल्याच्या दिवशीच पुण्या-मुंबईचं वेगळं तिकीट काढू नका. एक रात्र कोलकात्यात राहा.