सदऱ्याची बाही चढेना तेव्हा

परवापर्यंत पहाटे उठून धार काढणाऱ्या सत्तरीच्या आजी पंधरवड्यात खाटेवरून आपल्या आपण उठेनाशा होतात. वेणी घालायला हात वर जात नाही. आजोबा असतील तर सदऱ्याची बाही चढत नाही. दोन्ही खांदे, मान, मांड्या सकाळी आखडलेल्या. दुपारपर्यंत अंग मोकळं होतं. मेहकर असो की मलकापूर, घरच्यांचं वाक्य तयार असतं: 'वय झालं, वात आहे.'

पण वय असं पंधरा दिवसांत येत नाही. हा 'पॉलिमायाल्जिया रुमॅटिका' असू शकतो. स्कॉटलंडच्या विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. पन्नाशीच्या आत तो जवळपास होतच नाही. स्कँडिनेव्हियात तो पुष्कळ, आपल्याकडे कमी; त्यामुळे डॉक्टरांच्याही मनात उशिराच येतो.

एकाच तपासणीत पकडावा असा हा आजार नाही. सकाळचं आखडणं पाऊण तासाहून जास्त टिकतं का, हा प्रश्न निम्मं काम करतो. रक्तात सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी बहुधा वाढलेले. स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके मात्र नॉर्मल, कारण स्नायू दुखतात पण झिजत नाहीत. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, चिकनगुनियानंतरची सांधेदुखी, मायलोमा हा रक्ताचा कर्करोग, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, हे सगळं आधी बाजूला काढावं लागतं.

घोटाळा होतो तो सुईने. 'सुई लागू पडली' म्हणतात, त्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन-तीन दिवस बरं वाटतं, ईएसआर उतरतो आणि चित्र पुसट होतं. खरा उपचारही स्टेरॉइडच, रोज साधारण १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. पण तपासण्या झाल्यावर, साखर आणि हाडं सांभाळत, वर्षभर किंवा जास्त काळ हळूहळू कमी करत. नुसत्या वेदनाशामकांनी यात फारसा फरक पडत नाही आणि ती महिनोन्महिने घेतली तर मूत्रपिंडावर बेततं. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारी आधीच आहेत; तिथे तर हा खेळ नकोच.

याच्याच जोडीने कधीकधी डोक्याच्या धमन्यांना सूज येते. कानशिलात नवीच डोकेदुखी, भाकरी चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू करतात, कारण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.