प्लॅटिनम कमी करायचं म्हणजे नेमकं काय?

फ्यूएल सेलवर पीएचडी करायची म्हटलं की मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: प्लॅटिनम कसं कमी करणार? बहुतेक जण चटकन ‘मिश्रधातू वापरून’ असं सांगून मोकळे होतात. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे.

आधी प्लॅटिनम जातं कुठे ते बघू. पीईएम फ्यूएल सेलच्या अ‍ॅनोडवर हायड्रोजनपासून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे काम प्लॅटिनमवर इतकं झटपट होतं की चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅमसुद्धा पुरतं. खरी रडकथा कॅथोडची. तिथे ऑक्सिजनचा बंध तोडून, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन जोडून पाणी बनवायचं असतं, आणि हे फार रेंगाळत होतं. सैद्धांतिक व्होल्टेज १.२३, पण भरपूर करंट काढताना हातात येतात साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट. या तोट्यातला सर्वांत मोठा वाटा कॅथोडचा.

आता वहीवर एक हिशोब करा. गाडीला ८० किलोवॉट हवेत आणि चौरस सेंटिमीटरला १ वॉट मिळतो असं धरा. एकूण ०.४ मिलिग्रॅम लोडिंगला ३२ ग्रॅम प्लॅटिनम लागेल, ०.१२५ ला १० ग्रॅम. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं २०२० साठीचं लक्ष्य हेच होतं, किलोवॉटला ०.१२५ ग्रॅम. साध्या गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असे मौल्यवान धातू काही ग्रॅमच असतात, आणि आपली स्पर्धा त्याच्याशी आहे.

गंमत म्हणजे सर्वांत मोठी बचत नवीन उत्प्रेरक शोधून झालीच नाही. १९८०च्या दशकात लॉस अलामोसच्या संशोधकांनी इलेक्ट्रोडमध्ये नॅफिऑनचं द्रावण मुरवलं आणि लोडिंग ४ वरून ०.४ मिलिग्रॅमवर आलं. प्लॅटिनम तेच! आधी बरेचसे कण नुसतेच बसून होते, कारण त्यांच्यापर्यंत प्रोटॉन पोहोचत नव्हते. कणाला वायू, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन तिन्ही मिळाले तरच तो काम करतो.

मग कण अजून बारीक का करू नयेत? ३ नॅनोमीटरच्या कणात साधारण ३५ ते ४० टक्के अणू पृष्ठभागावर असतात, बाकीचे आत अडकलेले. कण लहान केला तर हा वाटा वाढतो, पण कडा आणि कोपरेही वाढतात. तिथले अणू ऑक्सिजनला गरजेपेक्षा घट्ट धरतात आणि लवकर विरघळतात. मुळात प्लॅटिनमची पकड थोडी जास्तच घट्ट आहे. ती किंचित सैल व्हायला हवी. निकेल किंवा कोबाल्ट मिसळला की जाळी आकसते, पृष्ठभागाची इलेक्ट्रॉनिक रचना बदलते आणि पकड ढिली होते. २००७ मध्ये स्टामेन्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की Pt₃Ni स्फटिकाचा (१११) पृष्ठभाग शुद्ध प्लॅटिनमच्या त्याच पृष्ठभागापेक्षा दहापट सक्रिय आहे. टोयोटाच्या मिराईत प्लॅटिनम-कोबाल्ट आहे, ते याच तर्काने.

आता खरा घोळ. पेपरमधले डोळे दिपवणारे आकडे बहुधा रोटेटिंग डिस्क इलेक्ट्रोडवरचे असतात: पातळसा थर, विरळ पर्क्लोरिक आम्ल, ०.९ व्होल्ट. गाडीतला सेल मात्र ०.६–०.७ व्होल्टला, चौरस सेंटिमीटरला अँपिअरच्या पटीत करंट देत असतो. तिथे प्रत्येक कणाभोवती आयोनोमरचं पातळ आवरण असतं. प्लॅटिनम निम्मं केलंत आणि करंट तोच ठेवलात, तर उरलेल्या पृष्ठभागाला त्या आवरणातून दुप्पट ऑक्सिजन ओढावा लागतो. उत्प्रेरक कितीही हुशार असला तरी ही वाट रुंद होत नाही. त्यात निकेल-कोबाल्टचे आयन झिरपून पडद्यातल्या प्रोटॉनच्या जागा अडवतात, ते वेगळंच. म्हणून पेपर वाचताना आकड्याआधी तो कुठे मोजलाय ते बघा, आणि मग ३०,००० व्होल्टेज-आवर्तनांनंतर काय उरलं ते.

‘प्लॅटिनमच नको’ हा मार्गही आहे: लोह-नायट्रोजन-कार्बन. यात सक्रियता कमी म्हणून थर जाड घ्यावा लागतो आणि मग वायू अडखळतो. शिवाय थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ते लोहाशी भेटलं की मुक्त मूलकं सुटतात आणि पडदा कुरतडतात. विषय छान आहे, पण टिकाऊपणाचा प्रश्न टाळून तो घेऊ नका.

माझं मत विचाराल तर सध्या जास्त वाव कार्बन आधारात आहे. कण मेसोपोअर्सच्या आत बसवले की आयोनोमरचे सल्फोनेट गट त्यांना थेट चिकटत नाहीत, ऑक्सिजन मात्र पोहोचतो. दुसऱ्या पिढीच्या मिराईत असाच सच्छिद्र कार्बन आहे. छिद्र केवढं असावं, यावर अजून बरंच काम बाकी आहे. लॅब निवडताना तिथे पूर्ण सेल तपासायचं टेस्ट स्टेशन आहे का, हे आधी विचारा. नसेल तर डिस्क इलेक्ट्रोडवर प्रामाणिकपणे सुटेल असा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ कोणता धातू किती व्होल्टला विरघळू लागतो. त्यावरही चांगला प्रबंध होतो.