तुरुंगात पोहोचलेली साथ

१९ एप्रिल २०२०, रविवारची संध्याकाळ. बेंगळुरूचा पादरायनपुरा वॉर्ड आधीच सील झालेला. कोरोनाबाधितांच्या संपर्कात आलेल्यांना क्वारंटाइन केंद्रात नेण्यासाठी महापालिकेचे आरोग्य कर्मचारी आणि आशा कार्यकर्त्या पोलिसांसह तिथे गेल्या. काही जण गाडीत बसले, बाकीचे अडून राहिले. बघता बघता जमाव जमला, बॅरिकेड्स पडली, पोलिसांचा तंबू मोडला. पन्नासहून अधिक जणांना लगोलग अटक झाली. पुढे हा आकडा शंभरापलीकडे गेला.

अशा प्रसंगी पोलिसांच्या हातात काय होतं? १८९७ चा साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा. आदेश मोडणाऱ्याला तो भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ कडे धाडायचा. तिथे शिक्षा फार तर सहा महिने, दंड एक हजार. आणि संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार नसेल तर न्यायालय दखलही घेऊ शकत नसे. निष्काळजीपणे रोग पसरवल्याबद्दल कलम २६९, जाणूनबुजून घातक कृती केल्यास २७०, क्वारंटाइनचा नियम मोडल्यास २७१. सरकारी कर्मचाऱ्यावर हात उचलला तर ३५३.

पादरायनपुऱ्यानंतर त्याच आठवड्यात कर्नाटकाने स्वतंत्र अध्यादेश काढला. केंद्रानेही २२ एप्रिलला १८९७ च्या कायद्यात बदल केला: आरोग्य कर्मचाऱ्यावरील हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत. तपास तीस दिवसांत संपवायचा आणि मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यायची.

कायदा कडक झाला, पण आरोपी ठेवायचे कुठे? त्यांना रामनगरच्या तुरुंगात हलवलं. तो जिल्हा तोवर कोरोनामुक्त होता. स्थानिक नेत्यांनी विरोध केला, आणि त्यांची भीती खरी ठरली. त्या आरोपींपैकी पाच जण बाधित निघाले. मग सगळ्यांची रवानगी पुन्हा बेंगळुरूत, हज भवनात. साथ अडवण्यासाठी केलेली अटकच साथीला नव्या जिल्ह्यात घेऊन गेली. पुढे उच्च न्यायालयाने शंभरहून अधिक आरोपींना जामीन दिला.

मराठी वाचकाला हा कायदा परका नाही. मुंबईत प्लेग आला म्हणून तो झाला, आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलात सोल्जर घरोघर शिरले. त्याचा शेवट गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. धाकाने लोक रोगी लपवतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरी बाजूही आपल्याकडचीच. दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर हीच कलमं लागली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं, असं मत नोंदवलं. दगड मारणारा आणि नुसता त्या जागी सापडलेला, यांतला फरक पुराव्यानेच ठरतो. साथीची भीती हा पुरावा नव्हे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २६९ ते २७१ ही कलमं २७१ ते २७३ झाली. आशा कार्यकर्तीवर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण पुढच्या साथीत ठाणेदाराने कलम शोधण्याआधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: वस्तीतल्या ओळखीच्या माणसांशी आधी बोलणं, अटक होताच चाचणी, आणि निकाल येईपर्यंत आरोपींना वेगळं ठेवायची जागा.